वाकड्याचे शेवटचे आठ दिवस: आयोवातल्या एका हिवाळी शिकारीचा प्रकरण अभ्यास

२७ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या दक्षिण टोकाला, वेन काउंटीतल्या एका शेतावर, मी व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा सहा-साडेसहा वर्षांचा एक नर मारला. त्याच्या तीन दिवस आधी त्याच शेतावर मी अशी चूक केली होती की हा नर हंगाम संपेपर्यंत पुन्हा उजेडात दिसणार नाही, अशी माझी खात्री झाली होती. तीन दिवसांत काय बदललं, ते इथे तपशिलात मांडतो. अमेरिकेत राहून शिकारीकडे वळलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा हंगाम नोव्हेंबरात माजाबरोबर सुरू होतो आणि तिथेच संपतो. डिसेंबरअखेरीचा हंगाम वेगळा असतो, आणि माझ्या मते एखाद्या नराला खऱ्या अर्थाने ओळखायची वेळ तीच.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि आपल्या जंगलांची अवस्था पाहता ते योग्यच आहे. आयोवाची गोष्ट वेगळी. इथे १८९८ साली हरीण जवळजवळ संपलं म्हणून शिकार बंद करावी लागली होती. कळप पुन्हा वाढल्यावर आधुनिक काळातला पहिला हंगाम १९५३ मध्ये झाला. आज राज्यात एका हंगामात लाखाच्या आसपास हरणं मारली जातात आणि तरीही कळप टिकून आहे. लांडगे राहिलेले नाहीत. मका-सोयाबीनचं खाणं मुबलक आहे. संख्या आवरण्याचं काम मुख्यतः परवानाधारक शिकाऱ्यांवर येतं. परवान्याचे पैसे आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवर बसवलेला केंद्रीय कर वन्यजीवांच्याच कामाला जातो.

जागा

शेत ऐंशी एकरांचं. मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अजून स्वतः ट्रॅक्टर चालवणारे. त्यांची माझी ओळख नऊ वर्षांची. मी उन्हाळ्यात कुंपणाच्या कामाला जातो, ते मला शिकारीची परवानगी देतात. शेताच्या उत्तरेला खडीचा रस्ता, ईशान्य कोपऱ्यात त्यांचं घर आणि गोठा. मधून पूर्व-पश्चिम असा एक लांबट उंचवटा जातो. उंचवट्याच्या माथ्यावर चार एकरांचा सोयाबीनचा तुकडा आहे, साधारण सव्वाशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्या साली ओल राहिल्याने तो तुकडा काढणीतून सुटला. नंतर मी पिकाची किंमत देतो म्हटलं, आणि मालकांनी तो तसाच उभा ठेवला. आयोवात हरणांसाठी खाणं टाकून शिकार करता येत नाही. शेतात जसं पेरलं तसं उभं राहिलेलं पीक मात्र चालतं.

तुकड्याच्या नैर्ऋत्येला एक घळ आहे. तिचा दक्षिणेकडे तोंड केलेला उतार रेड सीडर या सदाहरित झाडांच्या दाट झाडीने भरलाय. हिवाळ्यातलं हरणाचं घर म्हणतात ते हेच. उत्तरेचा वारा पाठीमागचा उंचवटा अडवतो, सीडर वरून छप्पर धरतात आणि दुपारचं तिरपं ऊन सरळ अंगावर येतं. पूर्वेला हेजच्या काटेरी झाडांची जुनी रांग, आणि तिच्यापलीकडे शेजाऱ्याचं नांगरलेलं उघडं शेत, जिथे हरीण बसत नाही की थांबत नाही.

हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

नर

त्याला मी वाकड्या म्हणायचो. उजव्या शिंगाच्या बुडाशी, भुवईवरचं टोक बाहेर वाकलेलं होतं आणि दर साली नव्या शिंगावरही ते तसंच वाकडं येई. २०२० च्या ऑक्टोबरात तो पहिल्यांदा शेतावर बांधलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या माझ्या कॅमेऱ्यात आला. तेव्हा तीन-साडेतीन वर्षांचा वाटला: मान अजून बारीक, पोट वर ओढलेलं, पाय शरीराच्या मानाने लांब. २०२२ च्या शरदात त्याचं अंग पार बदललं होतं. छाती खाली उतरलेली, पाठ किंचित झुकलेली, मान आणि खांदा एकच झालेले. शिंगांवरून वय ठरवणारा फसतो. वय ठरवायचं ते अंगावरून.

त्या नोव्हेंबरात मी त्याला धनुष्याच्या पल्ल्याबाहेर दोनदा पाहिलं. आयोवातल्या रहिवाशाला बंदुकीच्या हंगामांपैकी एकासाठीच ‘कोणतंही हरीण’ हा परवाना मिळतो. मी जाणूनबुजून शेवटचा निवडला होता, ठासणीच्या बंदुकीचा. त्या साली तो १९ डिसेंबरला उघडून १० जानेवारीला संपणार होता, म्हणजे तेवीस दिवस. त्याआधी ३ ते ७ आणि १० ते १८ डिसेंबर असे शॉटगनचे दोन हंगाम झाले. आजूबाजूच्या शेतांवर टोळ्यांनी हाके घातले. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाके असतात तसेच हे: चारजण झाडीतून आवाज करत येतात, बाकीचे तोंडावर उभे. आमच्या मालकांना हाका पसंत नाही. त्यामुळे त्या पंधरवड्यात त्यांच्या घळीत एकही माणूस शिरला नाही. वाकड्या जगला त्याचं हे मुख्य कारण, असं मला ठामपणे वाटतं.

डिसेंबरअखेरीस नराची अवस्था

इथे थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे निर्णय यातून निघाले.

नोव्हेंबरच्या माजात प्रौढ नर खातच नाही म्हटलं तरी चालेल. माद्यांच्या मागे रात्रंदिवस फिरून तो आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी पाव हिस्सा गमावतो. जी मादी गाभण राहिली नाही ती साधारण अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. त्या वर्षी जन्मलेली चांगली पोसलेली पाडसंसुद्धा डिसेंबरात माजावर येतात. लोक याला दुसरा माज म्हणतात आणि त्याच्या भरवशावर डिसेंबर काढतात. एखादी पाडस-मादी धान्याच्या तुकड्यावर माजावर असेल तर नर तिच्यामागे उजेडात येऊ शकतो, हे खरं. पण त्यावर योजना आखता येत नाही. योजना पोटावर आखायची.

कारण आता नराचा हिशेब साधा झालेला असतो. अंगावर चरबी नाही आणि पुढे जानेवारी-फेब्रुवारी आहेत. हिवाळ्यात हरणाचं शरीर आपोआप मंदावतं. ते कमी हलतं, कमी खातं, दिवसचे दिवस एका उतारावर काढतं. पोकळ राठ केसांचा करडा कोट इतकी ऊब धरून ठेवतो की बसलेल्या हरणाच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही. तेव्हा थंडी पडली की हरीण भराभर फिरू लागतं, हा समज अर्धाच खरा आहे. ते फिरतं ते थोडंच अंतर, एकाच कामासाठी, आणि जिथे एका घासात जास्तीत जास्त मिळेल तिथे. सोयाबीनच्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि वीसच्या आसपास तेल असतं. शेंगा बर्फाच्या वर उभ्या असतात, उकरावं लागत नाही. दोन मैलांच्या परिसरात बाकी सगळा मका कापला गेला होता आणि धसकटांतले सांडलेले दाणे बर्फाखाली गेले होते.

म्हणजे तो कुठे खाणार, हे मला माहीत होतं. कुठे बसणार, हेही. दोन्हींमध्ये दीडशे पावलंही नव्हती. अवघड भाग एवढाच उरला की तो तिथे उजेडात कधी येईल, आणि मी आलो-गेलो हे त्याला कळू न देता मला तिथे कसं बसता येईल.

तुकड्याच्या कडेला मी दोन साधे कॅमेरे बांधले होते, आणि त्यांची कार्डं मालक गुरांना चारा टाकायला जाताना ट्रॅक्टरवरूनच बदलून आणत. शॉटगनच्या दिवसांत वाकड्या फक्त मध्यरात्रीनंतर दिसला. १९ डिसेंबरला रात्री ९:४० ला. २० ला ८:१५ ला. २१ ला बर्फ सुरू झाला, त्या दिवशी ६:३० ला. माझ्या दृष्टीने सगळ्या हंगामातली सगळ्यात मोलाची माहिती ही तीन वेळांची रांग होती. एखादा फोटो नर तिथे आहे एवढंच सांगतो. वेळ पुढे सरकतेय का मागे, हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर गप्प बसायची तयारी लागते.

२४ डिसेंबर: चूक

२२ आणि २३ ला हिमवादळाने अमेरिकेचा सगळा मधला भाग झोडपला. पारा उणे वीस सेल्सिअसच्या आसपास आणि वर झोंबणारा वारा. रस्त्यावर समोरचं दिसत नव्हतं. त्या दोन दिवसांत बाहेर पडणं हे धाडस नव्हे, बेपर्वाई झाली असती. हरणंही सीडरमधून हलली नसावीत.

शनिवारी, २४ ला, वायव्येचा वारा बराच उतरला होता. दोन दिवस उपाशी राहिलेली हरणं आज लवकर येणार, हे कोणीही सांगितलं असतं. मी डे मॉइनहून दुपारी निघालो. वारा वायव्येचा असल्याने तुकड्याचा आग्नेय कोपरा धरला, हेजच्या रांगेत, झाडाला टेकवलेल्या शिडीच्या मचाणावर. माझा वास शेजाऱ्याच्या नांगरटीवर जाणार होता. जाताना पूर्वेच्या बांधाने गेलो, एकाही हरणाला वारा लागला नाही. इथपर्यंतचा विचार बरोबर होता, आणि तेवढ्यावरच मी समाधान मानलं.

४:०५ ला पहिल्या माद्या वर आल्या. साडेचारपर्यंत तेवीस हरणं मोजली. सूर्यास्त ४:५० च्या सुमाराला, आणि कायद्याने त्यानंतर अर्धा तास बंदूक चालवता येते. ५:०९ ला नैर्ऋत्य कोपऱ्यात सीडरच्या सावलीतून वाकड्या बाहेर आला. आला म्हणजे फक्त पुढचे दोन पाय आणि मान. तो तिथे बराच वेळ उभा राहिला आणि तुकड्यातल्या एकेका मादीकडे पाहत राहिला. मग पाच-सहा पावलं आत आला. माझ्यापासून सव्वाशे मीटर, पण मध्ये दोन माद्या आणि मागे तिसरी. दुर्बिणीत शिंगं दिसत होती, खांद्याची रेघ दिसत नव्हती. मी बार काढला नाही. त्याबद्दल मला आजही खंत नाही.

खंत आहे ती पुढच्याची. अंधार पडला तेव्हा तेवीस-चोवीस हरणं माझ्या पुढ्यात, काही पंधरा-वीस पावलांवर. ती जातील म्हणून सव्वासहापर्यंत बसलो. बोटांना संवेदना राहिली नाही. शेवटी उतरायला लागलो. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बुटाखालचा बर्फ करकरला. एका म्हाताऱ्या मादीने पाय आपटला, नाकातून तो मोठा फुत्कार सोडला, आणि चांदणं नसलेल्या अंधारातही पांढऱ्या शेपट्या उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. सगळा कळप घळीत कोसळला, आणि वाकड्याही त्यांच्यातच होता.

घरी परतताना मालक गोठ्याशी उभे होते. ते म्हणाले, “आत जायचा रस्ता तुम्ही चांगला शोधलात. बाहेर यायचा शोधलाच नाहीत.” हे मी नऊ वर्षांत कुठल्याही लेखात वाचलेल्यापेक्षा नेमकं होतं.

दोन दिवस न बसता

२५ ला गेलो नाही. २६ ला गेलो, पण शेतात नाही. गोठ्याच्या माळ्यावर बसून पाऊण तास दुर्बिणीतून तुकडा पाहिला. माद्या आल्या, पण सव्वापाच उलटून गेल्यावर, आणि माना सारख्या वर. कार्ड पाहिलं: २५ ला पहिली मादी ७:१०, वाकड्या नाहीच. २६ चं दुसऱ्या दिवशी पाहिलं: वाकड्या ८:४० ला. म्हणजे तो तुकडा सोडून गेला नव्हता. भूक त्याला परत आणत होती, फक्त त्याची वेळ पुन्हा रात्रीत गेली होती.

माळ्यावरून पाहताना एक गोष्ट पहिल्यांदा नीट ध्यानात आली. म्हातारा नर शेतात येताना स्वतःच्या नाकापेक्षा माद्यांवर जास्त विसंबतो. २४ ला तो सीडरच्या कडेला उभा राहून दुसरं काही पाहत नव्हता. वीस जोड्या डोळे आणि वीस नाकं अर्धा तास आधीपासून तिथे आहेत आणि खाली मान घालून खातायत, हीच त्याची खात्री. मला वाकड्याला फसवायचं नव्हतंच. मला त्या म्हाताऱ्या मादीला निवांत ठेवायचं होतं. ती निवांत राहिली की तो येणार.

लहानपणी आजोळी, यवतमाळकडे, ज्वारीच्या राखणीला मामाबरोबर जागलीला जायचो. रोही आणि रानडुकरं यायची. मामा म्हणायचा, पुढचं जनावर शहाणं असतं, मागची त्याच्या कानांनी ऐकतात. तो पीक वाचवायला बसायचा, मी इथे दुसऱ्याच कामाला. पण त्याचं ते वाक्य मला माळ्यावर आठवलं.

आता बाहेर यायचा रस्ता. तुकड्याची उत्तर कड उंचवट्याच्या माथ्यापलीकडे किंचित उतरलेली आहे. तिथे वायव्य बाजूला वाळल्या गवताचे मोठे गोल गठ्ठे ऑगस्टपासून पडून होते. हरणं त्या कडेला सहसा येत नाहीत, कारण रस्ता जवळ. गठ्ठ्यांमागून वीस पावलं उत्तरेला उतरलं की माणूस माथ्याआड होतो, आणि तुकड्यातल्या हरणाला दिसतही नाही, ऐकूही येत नाही. मग मी तिथे आधीच का बसलो नव्हतो? कारण हंगामाच्या पहिल्या दिवसापासून वारा उत्तर-वायव्येचा होता. त्या वाऱ्यावर उत्तर कडेला बसणं म्हणजे आपला वास चार एकरांवरून थेट सीडरमध्ये ओतणं.

अंदाजात २७ तारखेला वारा दक्षिणेकडे फिरणार होता. २८ पासून उबाळा, बर्फ वितळणार. बहुतेक शिकारी या दिवसाकडे पाठ फिरवतात. थंडीची लाट गेली, दक्षिणेचा वारा आला, आता काय उपयोग, असा त्यांचा विचार. मी उलटा विचार केला. २७ ला बर्फ अजून आहे, संध्याकाळी उणे सातच्या आसपास असणार, भूक तीच आहे. फरक एवढाच की या एका दिवशी वारा सीडरकडून माझ्याकडे वाहणार. सगळ्यात थंड दिवस आणि या शेताला मानवणारा दिवस, यांतला मी दुसरा निवडला. उबाळ्याच्या आधीची ती एकच संध्याकाळ हातात होती.

आत जायचंही बदललं. बर्फावर आता कडक पापुद्रा आला होता, पाऊल टाकलं की काच फुटल्यासारखा आवाज. मालक रोज साडेतीनच्या सुमाराला ट्रॅक्टरने गुरांना चारा टाकायला जातात, आणि घळीतली हरणं तो आवाज वर्षभर ऐकतात. मी त्यांच्या मागच्या ट्रेलरवर बसलो, बंदुकीतून बार पेटवणारी टोपी (कॅप) काढलेली. गठ्ठ्यांशी ट्रॅक्टर फक्त हळू झाला, मी उतरलो, ते पुढे गेले.

२७ डिसेंबर

बंदूक तीन दिवस गोठ्यातच ठेवली होती. थंडीतून ऊबदार घरात नेली की नळीत ओल धरते आणि दारू दगा देते. दोन गठ्ठ्यांच्या बेचक्यात बसलो, अंगावर नियमाप्रमाणे भडक केशरी जाकीट. हरणाला तो रंग मातकट दिसतो, त्याला हालचाल दिसते. म्हणून मी पाठ गठ्ठ्याला चिकटवली आणि बंदूक आधीच तिकाटण्यावर लावून ठेवली.

खिशात मिल्कवीडच्या शेंगा होत्या. आपल्या रुईचीच भावंडं. आतला रेशमी कापूस म्हणजे आपली म्हातारी, लहानपणी फुंकर मारून उडवायचो तीच. वारा पाहायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. शिकारी वारा पाहायला उडवतात ती भुकटी दोन हातांवर विरून जाते, म्हातारी शंभर मीटर दिसत राहते. चार वाजता सोडली ती डोक्यावरून मागे, उत्तरेला गेली. साडेचारला तशीच, जरा संथ. ४:५५ ला सोडली तेव्हा वारा पडला होता. ती क्षणभर समोर तरंगत राहिली, आणि माझ्या छातीत धस्स झालं. सूर्य गेल्यावर थंड हवा जड होऊन उताराने खाली वाहते. मी माथ्याच्या दक्षिणेला बसलो असतो तर ती हवा माझा वास घेऊन सीडरमध्ये उतरली असती. म्हातारी हळूच वळली, जमिनीलगत आली आणि माझ्या मागे, रस्त्याकडच्या उतारावर सरकत गेली.

माद्या ४:२० ला आल्या होत्या. ती म्हातारी मादी सगळ्यांच्या पुढे, नव्वद मीटरवर. दोनदा मान वर करून तिने आग्नेय कोपऱ्यातल्या मचाणाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग तिने खाली मान घातली ती घातलीच.

५:०२ ला तो आला. त्याच कोपऱ्यातून, तसाच अर्धा बाहेर. या वेळी उभा राहिला तो जेमतेम मिनिटभर. सोयाबीनच्या कडेने उत्तरेकडे चालत आला, एका शेंगेपाशी थांबला, आडवा झाला. एकशे दहा मीटर, मागेपुढे कोणी नाही, बर्फाच्या उजेडात खांद्यामागची घडी स्पष्ट. मी श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

ठासणीच्या बंदुकीचा धूर थंडीत लगेच विरत नाही. मला काही दिसलं नाही. फक्त पळणाऱ्या पायांचा बर्फावरचा आवाज, आणि मग घळीतून फांद्या मोडल्याचा एक आवाज. धूर बाजूला झाला तेव्हा तुकडा रिकामा होता. मी पुन्हा बार भरला आणि घड्याळ लावून अर्धा तास जागेवर बसून राहिलो. हा अर्धा तास पाळलाच पाहिजे. जखमी जनावराला लगेच उठवलं तर ते मैलभर जातं आणि रात्री कोल्ह्याच्या जातीचे कायोटी त्याला आधी गाठतात.

माग काढायला मालकही आले. जिथे तो उभा होता तिथे बर्फावर कापलेले करडे केस आणि पहिल्या उडीनंतर गुलाबी, फेसाळलेलं रक्त. फेस म्हणजे फुप्फुस. सत्तर मीटरवर, सीडरच्या दुसऱ्या रांगेत तो पडला होता, उजवी बाजू वर. ते वाकडं टोक मी अंगठ्याने चाचपलं. मालकांनी टोपी काढली, मीही काढली.

पोट, दात आणि कागद

आतडी काढताना मी जठर मुद्दाम चिरून पाहिलं, आणि हे प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. त्यात जवळजवळ सगळं सोयाबीन होतं, फुगलेले पिवळे दाणे आणि टरफलं. थोडा मका, थोड्या कोवळ्या काड्या, सीडरची जेमतेम चार पानं. मूत्रपिंडांभोवती एरवी पांढऱ्या चरबीची गादी असते, तिथे बोटभरही नव्हती. पाठीवर तर काहीच नाही. सत्तावीस डिसेंबरला तो खरोखर उपाशी होता. उजवा पुढचा पाय जुन्या मोडलेल्या हाडाने जाड झाला होता, बहुधा कधीतरी गाडीची धडक.

जबड्यातल्या दाढा हिरड्यांपर्यंत झिजलेल्या. पुढचा एक दात प्रयोगशाळेत पाठवला. झाडाच्या खोडासारखी दाताच्या मुळातही दर हिवाळ्याची एक रेघ उमटते. उत्तर आलं, साडेसहा वर्षं. माझा अंदाज साडेपाचचा होता.

दुसऱ्या दिवशी मी शिकारीची नोंद केली. इथे परवान्याची पट्टी बांधल्यावर दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ती करावीच लागते. वेन काउंटीत हरणांचा मेंदूचा असाध्य रोग, सीडब्ल्यूडी, याआधी सापडलेला असल्याने घशातल्या गाठींचा नमुना राज्याच्या निसर्ग खात्याला दिला आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये तसंच ठेवलं.

हंगामाच्या पहिल्या नऊ दिवसांत मी बंदूक घेऊन दोनच संध्याकाळी बसलो. चौकशी करणारे विचारतात की बाकीचे सात दिवस का वाया घालवले. मी वाया घालवले नाहीत, त्या दिवसांत वारा माझ्या बाजूचा नव्हता. २८ ला उबाळा आला, बर्फ गेला, आणि कार्डावर माद्यांच्या वेळा पुन्हा रात्रीत गेल्या. २७ चुकवला असता तर तो १० जानेवारीपर्यंत मला उजेडात दिसला असता असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र अजून मनात आहे. २४ ला मी उतरायच्या आधी मालकांना फोन करून ट्रॅक्टर आणायला सांगितला असता, तर हरणं रोजच्या आवाजाला बाजूला झाली असती आणि तीन दिवस हातचे गेले नसते. फोन खिशात होता, सुचलं नाही. आता बसायला जातानाच मी त्यांना सांगून ठेवतो: बार ऐकू आला नाही तर साडेपाचला एक चक्कर मारा.

अहवाल जानेवारीत आला, रोग नव्हता. पाठीच्या मांसाचा एक लांब तुकडा मी मालकांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो लोखंडी तव्यावर लोण्यात केला, मी बरोबर नेलेला कांदा-लसूण मसाला दुसऱ्या अर्ध्याला लावला. त्यांनी दोन्ही चाखले आणि मसाल्याची पुडी ठेवून घेतली. खिडकीतून उंचवट्यावरचं उरलेलं सोयाबीन दिसत होतं, आणि पाच वाजायच्या सुमाराला ती म्हातारी मादी आपली दोन पाडसं घेऊन त्यात उतरली.